'कर्मचाऱ्यांना' मधला र

गेल्या महिन्यात दुपारच्या बॅचची, विटाव्याहून येणारी एक मुलगी टायपिंगची सराव परीक्षा संपवून मला हाक मारायला आली. "मॅडम, जरा बघा ना, माझं काय चुकलंय?" स्क्रीनवर लाल रंगात तिचा शब्द होता, 'कर्मचाऱ्यांना'. त्याच्याखाली हिरव्या रंगात बरोबर उत्तर, 'कर्मचाऱ्यांना'. मी चष्मा लावला, अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं तेच. तिच्या उताऱ्यात बारा चुका निघाल्या होत्या आणि त्यातल्या अकरा अशाच होत्या. अधिकाऱ्यांनी, शेतकऱ्यांच्या, दुसऱ्या, येणाऱ्या. सरकारी पत्राचा उतारा, त्यात हे शब्द ओळीओळीला येणारच.

खारीगावात माझा क्लास आहे, आठ मशीनचा. बहुतेक मुली लिपिकाच्या जागांसाठी तयारी करतात. मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०, या दोन आकड्यांभोवती त्यांचं वर्ष फिरतं. पूर्वी मी प्रत्येकीचा उतारा छापून लाल पेनाने तपासायचे आणि घरी जायला रात्रीचे दहा वाजायचे. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने पायथॉन या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहून दिला. एका बाजूला मूळ उतारा, दुसऱ्या बाजूला मुलीने टाइप केलेला. शब्दाला शब्द जुळला नाही की एक चूक. निकाल दोन सेकंदांत. त्यामुळे मुली टाइप करत असताना त्यांच्या बोटांकडे बघायला मला वेळ मिळायला लागला, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. कोणाची करंगळी हवेत राहते, कोण शिफ्ट एकाच हाताने दाबते, हे छापलेल्या कागदावर कधीच दिसत नाही.

भाचा ऐरोलीला शिकतो. त्या संध्याकाळी तो आला आणि दोन्ही शब्दांच्या पोटातले युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले, आकडे त्याने एकाखाली एक मांडले. मुलीने मी शिकवलं तसंच टाइप केलं होतं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून J ची कळ, मग D म्हणजे हलन्त, मग य. शिफ्ट आणि J दाबल्यावर येतो तो ऱ, खाली टिंब असलेला, त्याचा क्रमांक ०९३१. युनिकोडच्या तक्त्यात तो द्राविडी भाषांतल्या एका र साठी नोंदवलेला आहे, पण त्याचा अर्धा भाग म्हणजेच 'ऱ्या'मधली आपली ती आडवी वळलेली रेघ. मूळ उतारा मात्र मी इंटरनेटवरून उचलून चिकटवला होता. त्यात साधा र, ०९३० क्रमांकाचा, मग हलन्त, आणि मग झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे शून्य रुंदीचं, डोळ्यांना न दिसणारं चिन्ह. दोन्ही वाटांनी स्क्रीनवर अक्षर तेच उमटतं. प्रोग्रॅम अक्षर बघत नाही, आकडे बघतो. आकडे वेगळे, म्हणून चूक.

भाचा म्हणाला, "सोपं आहे मावशी, ते न दिसणारं चिन्ह दोन्हीकडून काढून टाकतो." त्याने काढलं आणि काम आणखी बिघडलं. जॉइनर गेल्यावर मूळ उताऱ्यातला र रफार होऊन य च्या डोक्यावर बसला आणि 'कर्मचाऱ्यांना'चं 'कर्मचार्यांना' झालं. आता जिने खरोखर रफार देऊन चुकीचं टाइप केलं तिला पूर्ण मार्क, आणि विटाव्याच्या मुलीच्या अकरा चुका तशाच.

मराठीत हा फरक दिसण्यापुरता नाही. आचार्यांना नमस्कार करतात, आचाऱ्यांना जेवणाचा मेनू सांगतात. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या सह्याद्रीत. ज्या भाषेत एका रेघेने गुरूचा स्वयंपाकी होतो, तिथे तपासणाऱ्याने या दोन र मधला फरक पाळलाच पाहिजे, आणि त्याच वेळी एकाच र च्या दोन रूपांना एक मानलं पाहिजे. शेवटी उपाय निघाला. तुलना करण्याआधी दोन्ही उताऱ्यांत साधा र, हलन्त आणि जॉइनर असा क्रम जिथे दिसेल तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचं. रफार जिथे आहे तिथे हात लावायचा नाही. 'ॲ'चंही असंच निघालं. त्याला स्वतःचा क्रमांक २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधीचा मजकूर 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. ॲड, ॲम्ब्युलन्स असे शब्द आले की पुन्हा तोच लाल रंग.

एक्सेलच्या पेपरात उलटा अन्याय होत होता. किराणा बिलाची बेरीज करायला सांगितली की काही मुली मोबाइलवर हिशेब करून आकडा सरळ सेलमध्ये टाकायच्या. प्रोग्रॅम फक्त आकडा बघायचा, त्यांना पैकीच्या पैकी. मी म्हटलं, फॉर्म्युल्यात बेरजेचा SUM हा शब्द आहे का ते बघ. तर जिने सेलला सेल अधिक करत प्रामाणिकपणे बेरीज केली, तिला शून्य. मग आम्ही वेगळीच रीत धरली. प्रोग्रॅम मुलीच्या फाइलची नक्कल करतो, त्यात तूरडाळीचा भाव बदलतो, पडद्यामागे लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्या प्रोग्रॅमकडून फाइल पुन्हा मोजून घेतो आणि बेरीज हलली का ते बघतो. हलली तर मार्क, मग फॉर्म्युला कसाही लिहिलेला असो. वर्डमध्ये शीर्षक मध्यावर आणायला स्पेसबार बडवणाऱ्या मुलीही अशाच सापडतात, कारण वर्डची फाइल म्हणजे एक झिप, बांधलेलं गाठोडं, आणि त्याच्या आत एक्सएमएल या खुणांच्या मजकुरात सगळं लिहिलेलं, आणि शीर्षक सेंटर केलं असेल तर तसं आत लिहिलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या मुलीचं पुढचं बोलणं. "मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून मी महिनाभर तो शब्द हळू टाइप करतेय." तिचा वेग २९ वर अडकला होता. मी तिला रोज सांगत होते, वेग वाढव. मशीनने लाल केलेल्या शब्दाला मी एकदाही हात लावून पाहिला नव्हता. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मूल कीबोर्डवर काय करतं त्याचे मार्क असतात, आणि ते मशीनकडे सोपवताना मशीन नेमकं काय बघतंय हे विद्यार्थ्याला समजायला हवं, शिक्षकाला तर हवंच हवं. आता दर शनिवारी मी तीन उतारे चिठ्ठी टाकून निवडते आणि जुन्या पद्धतीने, लाल पेनाने तपासते. दोन्ही निकाल जुळले नाहीत तर त्या आठवड्याचे सगळे उतारे पुन्हा बघते. निकालाच्या कागदावर प्रत्येक चुकीपुढे कारणही छापून येतं, आणि मुलीला ते पटलं नाही तर तिने मला उठवून मशीनपाशी न्यायचं, हे मी फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

मागच्या सहा महिन्यांच्या फाइली जपून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या नव्या प्रोग्रॅममधून काढल्या आणि वहीतले आकडे खोडून नवे लिहिले. चौदा मुलींच्या चुका कमी झाल्या, दोघींच्या वाढल्या. ज्या दोघींच्या वाढल्या त्यांचा चुकीचा रफार मधल्या बिघडलेल्या प्रोग्रॅमने बरोबर धरला होता; त्यांना आधी बोलावलं आणि रफार समजावला. चौदांपैकी एकीने दिवाळीनंतर क्लास सोडला होता, तिला फोन केला. घरी पाहुणे आहेत, नंतर बोलते म्हणाली.

भाचा रविवारी पुन्हा येणार आहे. वर्डमध्ये टाइप केलेली अवतरणचिन्हं आपोआप वळणदार होतात आणि मूळ उताऱ्यात ती सरळ आहेत, ते अजून राहिलं आहे.