मोटार बांधायची की बदलायची : आमची वाटचाल

आमच्या कारखान्याची सुरुवात १९९१ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, भाड्याच्या गाळ्यात, दोन जुन्या लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रांवर, झाली. वडील, म्हणजे आमचे आबा, स्वतः टर्नर होते. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, टर्निंग करून द्यायचे आणि शनिवारी पगार वाटून जे उरेल त्यावर घर चालवायचे, एवढाच तेव्हाचा ताळेबंद होता. आज शिरोलीत आमच्या सहा सीएनसी, म्हणजे संगणकाच्या नियंत्रणावर चालणाऱ्या, लेथ आणि दोन व्हीएमसी, म्हणजे तशीच मिलिंग-ड्रिलिंगची यंत्रे, चालतात. त्यामागे कष्ट आहेतच, पण कष्ट उद्यमनगरातल्या प्रत्येक गाळ्यात होते. आम्हाला निराळे काही शिकायला मिळाले असेल तर ते खर्चाकडे बघण्याविषयी, आणि तेही बहुतांशी चुकांतून.

२००६ मध्ये पहिली सीएनसी घेण्याचे ठरले, तेव्हा मी बँकेच्या हप्त्याचा आणि जॉबच्या, म्हणजे ग्राहकाने घडवायला दिलेल्या भागाच्या, दराचा हिशेब मांडून आबांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, “मशीन आणशील रे, पण तिला रोज खायला काय घालणार?” मला तो प्रश्न जुन्या पिढीच्या धास्तीतून आलेला वाटला. प्रत्यक्षात मशीन उभी राहीपर्यंत फाउंडेशन, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, टूल होल्डर, जॉब पकडणारे जॉज आणि कापणारे इन्सर्ट मिळून कोटेशनच्या जवळजवळ पाव पट खर्च वरून झाला, आणि त्या काळातल्या भारनियमनामुळे पुढे जनरेटरही घ्यावा लागला. मशीनने हे सगळे फेडले, पण माझ्या कागदावरच्या तीन वर्षांऐवजी पाच वर्षांत.

दुसरी चूक अधिक महागात पडली. २०११ मध्ये आम्ही परदेशातून आलेली एक वापरलेली सीएनसी नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी किमतीत घेतली. यांत्रिक बाजू उत्तम होती. बेड आणि स्पिंडल पाहून आमचे मिस्त्रीही खूश झाले. कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारा संगणक, मात्र जुन्या पिढीचा होता. अशा कंट्रोलरमध्ये मशीनचे पॅरामीटर, म्हणजे ज्यांच्याशिवाय ती चालत नाही ते सेटिंगचे आकडे, बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत राहतात, ती बॅटरी उतरू लागली की स्क्रीनवर अलार्म येतो आणि ती मशीन चालू ठेवूनच बदलावी लागते. आमच्याकडे तो अलार्म दोन आठवडे दिसत होता. उत्पादन सुरू असल्यामुळे ऑपरेटर तो पुसून पुढे जात होता. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद राहिला आणि परत आलो तेव्हा पॅरामीटर उडालेले होते. बॅकअप ना आमच्याकडे होता, ना विकणाऱ्याकडे. मशीन १९ दिवस बंद राहिली, आणि एका ग्राहकाने त्या काळात आमचा जॉब दुसरीकडे दिला तो कायमचा. काही शे रुपयांच्या बॅटरीचे हे प्रकरण.

त्या वर्षापासून आम्ही एक वही ठेवली. प्रत्येक मोठ्या खर्चाला एक पान, आणि पानाच्या डोक्यावर पहिला रकाना ‘वर्षाचे तास’, म्हणजे ती वस्तू वर्षात किती तास चालणार. किंमत त्यानंतर येते. या वहीचा खरा उपयोग आम्हाला मोटारींनी दाखवला. कॉम्प्रेसरची १० एचपीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटार जळाली की ती बांधून आणायची, म्हणजे आतली वाइंडिंगची तार नव्याने गुंडाळून घ्यायची, ही आमची वर्षानुवर्षांची रीत होती. बांधणावळ सात हजार आणि नवी आयई-३ मोटार (आयई हा कार्यक्षमतेचा दर्जा, आकडा मोठा तितकी वीज कमी) चाळीस हजार, असे आकडे समोर असताना दुसरा विचार कोण करणार? पण ही मोटार आमच्याकडे वर्षाला सुमारे ६,००० तास भाराखाली चालते. जुनी मोटार आयई-१ दर्जाची, कार्यक्षमता ८६ टक्के. म्हणजे ती वर्षाला ५२ हजार युनिट ओढते आणि युनिटला आठ रुपये धरले तरी वीज चार लाखांवर जाते. आयई-३ ची कार्यक्षमता ९०.४ टक्के असल्याने तेवढ्याच कामात अडीच हजार युनिट, म्हणजे वीस हजार रुपये वाचतात, आणि किमतीतला फरक पावणेदोन वर्षांत निघतो. शिवाय जुनी वाइंडिंग काढताना मोटार भट्टीत जास्त तापवली गेली, तर स्टॅम्पिंगवरचे, म्हणजे गाभ्यातल्या पातळ पोलादी पत्र्यांवरचे, इन्सुलेशन बिघडून कार्यक्षमता आणखी घसरते, ते वेगळेच.

याच वहीने आम्हाला उलट बाजूही दाखवली. बार कापण्याच्या बँडसॉला तेवढ्याच ताकदीची मोटार आहे, पण ती दिवसाला जेमतेम तासभर चालते. तिथे नव्या मोटारीची बचत वर्षाला हजार रुपयांच्या आसपास बसते. म्हणून जुनीच मोटार आम्ही गेल्या वर्षी दुसऱ्यांदा बांधून आणली आणि विक्रेत्याच्या प्रतिनिधीला चहा पाजून परत पाठवले.

सौर पॅनेलचे पान मात्र तीन वेळा खोडून लिहावे लागले. एक किलोवॅटला दिवसाला सरासरी चार युनिट, हा आकडा ठीक होता. पण आमच्या शेडचे सिमेंटचे पत्रे पॅनेलच्या आयुष्याइतके टिकणारे नव्हते, आणि ते बदलण्याचा खर्च कुठल्याही कोटेशनमध्ये नव्हता. आसपासच्या फौंड्रींची धूळ पॅनेलवर बसते, तेव्हा ती धुवायला माणूस आणि पाणीही लागते. शेवटी पत्रे आधी बदलले आणि पॅनेल दोन वर्षांनी घेतले. हप्ता एकदम अंगावर आला नाही, हे बरे झाले.

आता मुलगी डिप्लोमा करून कारखान्यात येते आणि तिला सीएनसीला जॉब भरणारा रोबो हवा आहे. तिसऱ्या पाळीला माणूस मिळत नाही, हे तिचे म्हणणे खरे आहे. पण आमच्या जॉबचे लॉट लहान असतात, दिवसात तीन-तीनदा सेटिंग बदलते, आणि तेवढ्या वेळा रोबोचा ग्रिपर, म्हणजे जॉब पकडणारा पंजा, बदलण्यात किती वेळ जाईल, याचे उत्तर डेमोत मिळाले नाही. म्हणून तिने महिनाभर प्रत्येक सेटिंगची वेळ घड्याळ लावून नोंदवायला घेतली आहे. रोबोच्या पानावर किंमत लिहून झाली आहे. तासांचा रकाना अजून कोरा आहे.