सहा खुर्च्या आणि अकरा पाहुणे

परभणीत मे महिन्यात दुपारी कुणाच्या घरी जाऊन काम करायचं म्हणजे जिवावर येतं. तरी गेलो. निवृत्त सरांचं घर, डायनिंगच्या सहा सागवानी खुर्च्यांच्या गाद्या नव्या करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलीला बघायला पाहुणे येणार. खुर्च्या दुकानात न्यायला, आणायला वेळ नव्हता. कंप्रेसर, स्टेपल गन, दोन इंची फोम असं सगळं ऑटोत घालून अकराला पोचलो.

खुर्च्या सुट्या सीटच्या. खालून चार स्क्रू काढले की गादीसकट फळी हातात येते. मी पेचकस लावला आणि काकू आल्या. "मिस्त्री, ते जुनं रेक्झिन कशाला काढायलाव? राहू द्या की खाली. मऊ लागंल, अन् तुमचाबी वेळ वाचंल."

वीस वर्षं हेच काम करतोय. नाही म्हणायला हवं होतं. पण ऊन, घाई, आणि खरं सांगायचं तर चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटायचा कंटाळा. एकेका सीटला साठ-सत्तर चुका, त्याही गंजलेल्या. पकडीत डोकं तुटतं आणि दांडी लाकडातच राहते. म्हटलं, ठीक आहे.

पहिलं सीट झकास झालं. चारी बाजूंच्या मधोमध एकेक पिन, मग मधून कोपऱ्याकडे ताणत जायचं, कोपऱ्यात दोन चुण्या. काकूंनी आणलेलं सोफ्याचं कापड चांगलं जाड होतं. सीट चौकटीवर ठेवलं, दाबलं. बसेना.

चौकट आणि फळी यांच्यात सुतार जेमतेम दोन मिलीमीटर जागा सोडतो. त्यात आतलं मूळ कापड, वर रेक्झिन, हे दोन थर कसेबसे मावले होते. तिसऱ्याला जागाच नव्हती. मी काय करावं? मूठ आवळून दोन दणके दिले. सीट गेलं आत, पण 'कट्' असा आवाज आला आणि मागच्या पायाजवळचा सांधा उघडला.

सर पेपर वाचत होते. पेपर खाली करून एवढंच म्हणाले, "बनी तो बनी, नहीं तो परभणी."

मग सगळं उलटं सुरू केलं. सांध्यात फेविकॉल भरला, चौकटीला सुतळीचे दोन वेढे घातले आणि मधे लाकडी पट्टी अडकवून पीळ दिला. लोखंडी शिकंजा दुकानात राहिला होता. पण सुतळीचा पीळ कमी घट्ट नसतो. ती खुर्ची कोपऱ्यात ठेवली आणि सहाही सीटं सोलायला घेतली. वर मरून रेक्झिन, खाली फुलांचं कापड, त्याच्या खाली कापूस. मूळचा पिंजाऱ्याकडून पिंजून घेतलेला असणार, पण आता मधे खळगा आणि कडेला ढेकळं. खळग्यात फोम नुसता टाकला तर दोन महिन्यांत परत खड्डा. म्हणून कापूस काढलाच. काकूंनी तो लगेच पोत्यात भरला, तक्क्याला होईल म्हणून.

हे करताना पाठीमागे पेन्सिलीने आकडे टाकत होतो, सीटवर एक, त्याच्या खुर्चीवर एक. हाताने केलेल्या खुर्च्या दिसायला सारख्या असतात, पण एकीचं सीट दुसरीला बसेलच असं नाही.

फोमच्या जाडीबद्दल सरांशी थोडं वाजलं. त्यांना चार इंच हवा होता. मी टेप लावून दाखवला: टेबलाच्या खालच्या पट्टीपासून सीटपर्यंत नऊ इंच. त्यात दोन इंच आणखी गेले की मांडी पट्टीला घासणार. दोन इंचावरच थांबलो.

चारला लाईट गेली. कंप्रेसर गप्प. हातोडी आणि चुका, जसं वडिलांनी शिकवलं तसं. ज्या चुकांचा कंटाळा केला, त्याच तोंडात धरून बसलो. तीन सीटं अशीच ठोकली. सहावी खुर्ची, तीच सांध्याची, रात्री साडेनऊला उभी राहिली. हलवून पाहिली, चरकली नाही. सांध्याचे पैसे घेतले नाहीत. मागायचं तोंडही नव्हतं.

दोन दिवसांनी सरांना फोन लावला, पाहुणे काय म्हणाले म्हणून.

"अकरा जण आले," सर म्हणाले. "सतरंज्या टाकून खालीच पंगत बसवली. खुर्च्या हिने आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. नव्या कापडावर वरण सांडंल म्हणे."