६४.५ मिलिमीटर कुठल्या गटात?

पावसाच्या नोंदी हाताळताना मला आर या आकडेवारीच्या संगणकभाषेतलं 'कट' हे फंक्शन सतत लागतं. मिलिमीटर द्यायचे, सीमा द्यायच्या, गट तयार. काम एका ओळीचं, पण सीमेवरचा आकडा कुठे जाणार हे त्या ओळीत ठरतं, आणि बरेच जण ते डीफॉल्टवर, म्हणजे काही न सांगता आर जे धरतं त्यावर, सोडून देतात.

हवामान विभागाचे गट ठरलेले आहेत. २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. म्हणजे ६४.५ वरच्या गटात जायला हवा. काही सांगितलं नाही तर 'कट' गटाची उजवी कड बंद धरतं, म्हणजे वरची सीमा त्याच गटात मोजतं, आणि ६४.५ ला मध्यममध्ये ढकलतं. सगळ्यात खालची सीमा शून्य दिली असेल, तर शून्याचे कोरडे दिवस सरळ 'एनए', म्हणजे गट नसलेले, होतात. 'राइट = फॉल्स' लिहिलं (म्हणजे डावी कड बंद) आणि शेवटची सीमा 'इन्फ', म्हणजे अनंत, ठेवली की हे दोन्ही सुटतं.

पण त्याच फाइलवर महसूल खात्याचा निकष लावायचा झाला की पुन्हा घोळ. पिकांच्या नुकसानीसाठी अतिवृष्टी धरतात ती मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर. बरोबर ६५.० पडला तर तो दिवस बाहेर. इथे 'राइट = ट्रू'च हवं. एकाच स्तंभावर दोन उलटे कंस, म्हणजे कुठली कड बंद याच्या दोन उलट्या खुणा! म्हणून डीफॉल्ट चालणार असलं तरी मी ते दर वेळी लिहूनच टाकतो. ज्याचं शेत त्या मंडळात आहे त्याला कंसाची चुकीची दिशा परवडत नाही.

तीन-तीन तासांचे आकडे बेरजून दिवसाचा पाऊस काढला, तर संगणकाच्या दशांश हिशेबात ६४.५ चा ६४.४९९९ होऊ शकतो. नोंद एका दशांशापर्यंतच असते, म्हणून हवामान विभागाच्या गटांसाठी मी सीमा ६४.४५, ११५.५५ अशा देतो. तिथे आकडा पडतच नाही.

सीमा न देता 'पाच गट कर' एवढंच सांगितलं की 'कट' सारख्या रुंदीचे गट पाडतं; ते मात्र मला पटत नाही. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर मालिकेत असले की प्रत्येक गट १८९ मिलिमीटर रुंद होतो आणि मुंबईचा जवळजवळ सगळा पावसाळा पहिल्याच गटात जाऊन बसतो. शतमकांनी, म्हणजे प्रत्येक गटात सारखे दिवस येतील असे, गट पाडावेत, तर वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस कोरडे. पहिल्या दोन-तीन सीमा शून्यच येतात आणि आर तक्रार करून थांबतं.

लेबलंही स्वतः द्या. आर आपोआप तीनच सार्थ अंक छापतं, त्यामुळे ११५.६ ची सीमा ११६ दिसते. गट बरोबर पडलेले असतात, पण वाचणारा गोंधळतो. आणि सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, साठवून पुन्हा उघडलं की गटांचा क्रम जातो. मग आलेख अकारविल्हे लागतो, अति मुसळधार सगळ्यात आधी आणि हलका सगळ्यात शेवटी. फाइल उघडल्याबरोबर 'फॅक्टर'मध्ये (आरमधला गटांचा स्तंभ) क्रम पुन्हा लिहावा लागतो, त्याला इलाज नाही.