दसऱ्याच्या रात्रपाळीतील ओटिस

पुण्यात बसून, हवामान पाहून समुद्रावरील जहाजांना मार्ग सुचवणे हे माझे काम आहे. 24 ऑक्टोबर 2023 रोजी दसरा होता आणि माझी रात्रपाळी होती. घरी सोने वाटून मी कार्यालयात पोहोचलो, तेव्हा सर्वांचे लक्ष आपल्याच दोन समुद्रांकडे लागले होते. अरबी समुद्रातील ‘तेज’ हे चक्रीवादळ नुकतेच येमेनच्या किनाऱ्याला धडकले होते आणि बंगालच्या उपसागरातील ‘हामून’ बांगलादेशाकडे सरकत होते. माझ्याकडे पूर्व पॅसिफिकमधील एकच जहाज होते. ते पनामाहून मेक्सिकोतील मान्सानियो बंदराकडे निघाले होते आणि त्याचे कप्तान रत्नागिरीकडचे होते. त्यांच्या वाटेवर, मेक्सिकोच्याच किनाऱ्यावरील अकापुल्को शहराच्या दक्षिणेस, ‘ओटिस’ नावाचे एक लहानसे वादळ होते.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मीच त्यांना वादळाच्या मागून, दक्षिणेकडून वळसा घालून पुढे जाण्याचा मार्ग आखून दिला होता. किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत ओटिस हरिकेनच्या, म्हणजे तिकडच्या तीव्र चक्रीवादळाच्या, खालच्याच पायरीवर राहील, असे सर्व प्रमुख संगणकीय मॉडेल सांगत होती. मॉडेलांचे असे एकमत दिसले की आमच्या कामात मन निश्चिंत होते आणि त्या दिवशी माझेही झाले होते. वास्तविक ती सर्व मॉडेल सारख्याच अपुऱ्या माहितीवर चाललेली होती, कारण त्या भागात समुद्रावर प्रत्यक्ष मोजमापे फार थोडी मिळतात आणि ओटिसचा गाभा इतका छोटा होता की मोठ्या जाळीच्या, म्हणजे समुद्राचे मोठमोठे चौकोन पाडून गणित मांडणाऱ्या मॉडेलांना तो नीट पकडता येत नव्हता.

रात्री साडेअकराच्या सुमारास ओटिस हरिकेन झाल्याचे समजले. उपग्रहाच्या चित्रांत गाभ्यावरचे ढग वेगाने उंच चढताना आणि घट्ट, गोल होताना दिसत होते. पाण्याचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास होते. अशा पाण्यावरून उठलेली वाफ गाभ्याभोवती वर चढते आणि थंड होऊन तिचे पुन्हा पाणी होते, तेव्हा मोकळी झालेली उष्णता मधली हवा तापवते, दाब उतरतो आणि वारा अधिक जोराने आत खेचला जातो. खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांत मोठा फरक असेल, तर ही उभी रचना वाकते आणि उष्णता विखुरते. त्या दिवशी तसा अडथळा जवळजवळ नव्हता. गाभा लहान असला की तो असा झपाट्याने आवळतो, आणि तसाच झपाट्याने ढासळतोही. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग 30 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 55 किलोमीटर वाढला, तर त्याला वेगवान तीव्रीकरण म्हणतात. ओटिसने ताशी सुमारे 180 किलोमीटरची वाढ चोवीस तासांत केली. त्या समुद्रात याहून वेगाने वाढलेले वादळ 2015 मधील ‘पॅट्रिशिया’ हे एकच नोंदलेले आहे.

हा हिशेब अर्थात नंतरचा. त्या रात्री मला कळले ते अडीच वाजता, जेव्हा वादळात शिरलेल्या अमेरिकी विमानाच्या मोजमापांवर आधारलेले इशारापत्र आले. उपग्रहावरून बांधलेल्या अंदाजापेक्षा प्रत्यक्षातला वारा कितीतरी अधिक होता. जहाज वादळाच्या पूर्वेस, म्हणजे उत्तरेकडे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला होते, आणि उत्तर गोलार्धात हीच बाजू अधिक धोक्याची असते. मी ताबडतोब उपग्रह फोन लावला. तिकडे दुपारचे तीन वाजले होते.

“कप्तानसाहेब, पुढे जाऊ नका. आहात तिथून आग्नेयेला वळा आणि मी सांगेपर्यंत तिकडेच थांबा.”

“काल तर तुम्ही निघा म्हणालात.”

“हो साहेब, कालचा अंदाज चुकला. वादळ फार मोठं झालंय.”

क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग “ठीक आहे, वळवतो,” एवढे म्हणून त्यांनी फोन ठेवला. अर्ध्या तासाने जहाजाची दिशा बदललेली पडद्यावर दिसली, तेव्हा कुठे मी खुर्चीला पाठ टेकली.

सकाळी साडेआठला ओटिस पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे हरिकेन झाल्याचे जाहीर झाले. मायामीतील हरिकेन केंद्रातील अंदाजकर्त्यांनी त्या पत्रकात दुःस्वप्न हा शब्द वापरला होता. एरवी त्यांची पत्रके अत्यंत संयत भाषेत असतात. माझी पाळी संपली होती, पण घरी जाण्याची इच्छा होईना. सुमारे आठ लाख वस्तीच्या अकापुल्कोत तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. किनाऱ्यावरच्या लोकांनी आदल्या संध्याकाळी साध्या वादळाची बातमी ऐकून झोपण्याची तयारी केली असेल, आणि जहाजाला जसे वळता आले तसे त्या शहराला वळता येणार नव्हते, हा विचार मला बसल्या जागेवरून उठू देत नव्हता. आपल्याकडे बाराला पाच मिनिटे कमी असताना, तिथे मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, ओटिस ताशी सुमारे 260 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह अकापुल्कोजवळ किनाऱ्यावर चढले. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर पाचव्या श्रेणीचे हरिकेन धडकल्याची नोंद त्यापूर्वी नव्हती. 50 हून अधिक माणसे गेली, आणि त्यांत बंदरातल्या नौका सांभाळायला नौकांवरच थांबलेले खलाशीही होते.

जहाज दीड दिवस उशिरा त्या किनाऱ्यासमोरून गेले. कप्तानांनी नेहमीच्या अहवालाखाली मराठीत एक ओळ लिहिली होती: “रात्री अकापुल्कोच्या दिशेला आकाशात शहराच्या दिव्यांचा उजेड नेहमी असतो. आज तो दिसला नाही.”