तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लिंटचे कामगार कारखान्यातच का बसले?

अमेरिकेतल्या फ्लिंटमध्ये १९३६-३७ साली जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या कामगारांनी केलेल्या संपाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: गेटाबाहेर धरणं धरायचं सोडून हे लोक आत का बसले?

बाहेर बसलं की मालक बदली माणसं आत घेतो आणि पोलीस त्यांना वाट करून देतात. आत बसलेल्यांना उठवायचं, तर हाणामारी मालकाच्याच यंत्रांमध्ये होणार. शिवाय गाड्या जोडायच्या लाइनवरची थोडी माणसं थांबली तरी अख्खी लाइन बंद पडते. मिशिगन राज्यातल्या या गावात जनरल मोटर्सचा पसारा अफाट आणि युनियन अशक्त, त्यामुळे हे महत्त्वाचं.

पण कुठंही बसून भागलं नसतं. फिशर बॉडी १ या कंपनीच्या कारखान्यात ब्यूक, पॉन्टियाक, ओल्ड्समोबिलच्या बॉडीचे पत्रे दाबायचे डाय, म्हणजे साचे होते; ते नसले तर बॉडीच बनत नाही. ३० डिसेंबर १९३६ ला ते रेल्वेच्या डब्यांत भरून हलवताहेत अशी खबर आली आणि कामगार आत बसले. झोपायला गाड्यांची सीटं, दारूला बंदी, रोजची झाडलोट, आणि पहारा ३ तास काम, ९ तास सुट्टी असा.

फिशर २ या दुसऱ्या कारखान्यात मात्र चूक झाली होती. संपकऱ्यांकडे फक्त वरचा मजला होता, खालचं गेट कंपनीच्या पहारेकऱ्यांकडे. ११ जानेवारीला कडाक्याच्या थंडीत कंपनीने हीटिंग बंद केलं, जेवण अडवलं. कामगारांनी खाली उतरून गेट घेतलं. पहारेकरी बायकांच्या प्रसाधनगृहात कडी लावून बसले! मग पोलिसांचा अश्रुधूर आला, त्याला उत्तर म्हणून दाराच्या लोखंडी बिजागऱ्या आणि होजचं पाणी. वाऱ्याने धूर पोलिसांवरच उलटवला. पोलिसांनी गोळ्याही झाडल्या.

कोर्टाने कारखाना रिकामा करायचा हुकूम दिला होता, पण न्यायाधीश एडवर्ड ब्लॅक यांच्याकडे जनरल मोटर्सचे ३,३६५ शेअर निघाले. हुकूम बारगळला.

निर्णायक डाव १ फेब्रुवारीचा. शेव्हरोले ९ या कारखान्यावर चाल करणार, ही बातमी कंपनीच्या खबऱ्यांच्या कानी जाईल अशी मुद्दाम सोडली. पहारेकरी तिकडे धावले. इकडे कामगारांनी शेव्हरोले ४ घेतला, जिथं इंजिनं बनत. राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी नॅशनल गार्ड हे राज्याचं सैन्यदल आणलं, पण आत घुसवलं नाही.

४४ व्या दिवशी, ११ फेब्रुवारी १९३७ ला करार झाला. जेमतेम पानभर मजकूर. १७ कारखान्यांत ६ महिने युनियनला मान्यता. पुढे १९३९ मध्ये सुप्रीम कोर्टाने फॅनस्टील खटल्यात असा ताबा घेणाऱ्यांना कामावरून काढायची मालकाला मोकळीक दिली. तेव्हापासून अमेरिकेतले संपकरी पुन्हा गेटाबाहेर फलक घेऊन उभे दिसतात.