आधी खराटा, मग पाय

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपच्या मागे एक मोकळी पट्टी आहे. पंधरा-वीस पावलांची, फरशी न घातलेली. कडेला बदामाचं झाड. कृत्रिम पाय बसवलेला माणूस आतल्या पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या दांड्यांमध्ये, धड चालायला लागला की मी त्याला या मातीवर आणते. गुळगुळीत लादीवर चालणं वेगळं आणि खऱ्या जमिनीवर चालणं वेगळं. तोल जाईल म्हणून इथे थबकलेले पुष्कळजण मी बावीस वर्षांत पाहिले. मातीलाच घाबरून थांबलेली ती पहिली.

ती इंद्रावती नदीपलीकडची, छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यातली. वय पंचविशीच्या आसपास. तिचा मामेभाऊ नदीच्या अलीकडचा, भामरागड तालुक्यातला. आश्रमशाळेत शिकल्यामुळे त्याचं मराठी स्वच्छ. घोडबंदर रोडला एका सोसायटीत तो वॉचमन आहे. डिसेंबरात तो तिला घेऊन आला. तिने हात जोडून “जोहार” म्हटलं, ते सोडलं तर तिचं सगळं बोलणं माडिया या तिकडच्या आदिवासी भाषेत, आणि ते माझ्यापर्यंत पोचायचं त्याच्या तोंडून.

सोबत एक पाय होता, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. एका शिबिरात मिळालेला. पायात घालून दाखव म्हटलं, तर तिने मान हलवली. मी स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, पाहिला आणि कारण कळलं. जखम भरून थोडेच दिवस झालेले असताना, सूज असतानाच माप घेतलं होतं. पहिल्या वर्षभरात स्टंप आटतो, सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोळ, सैल होतं, हाड खाली बसत जातं आणि सगळा भार नको तिथे येतो. नडगीच्या टोकाशी कातडी काळीनिळी झाली होती. तिला पुन्हा बोलवायला हवं होतं, ते कुणी बोलावलं नाही. त्यात खालचं पाऊल बुटासाठी बनवलेलं, टाच उंच धरून. ती अनवाणी चालणारी. बूट नसला की असं पाऊल गुडघ्याला मागे रेटतं. चुलीपुढे उकिडवं बसणं तर अशक्यच. अशा शिबिरांचा मला मनापासून राग आहे. पाय वाटून फोटो काढले म्हणजे काम झालं, असं कसं?

स्टंपच्या कातडीखाली निळसर काळे ठिपके होते, तीळ विखरावेत तसे. भाऊ म्हणाला, “आमच्याकडची मातीच आहे ती.” खरंच होतं. तिचा पाय सुरुंगाने गेला होता. सुरुंग पायाखाली फुटतो तेव्हा माती, गवत, चपलेचे तुकडे, हाडाच्या कपच्या स्नायूंच्या थरांमधून वर घुसतात. गेलेलं दिसतं फक्त पाऊल, पण सर्जनला त्याच्या बरंच वर कापावं लागतं, आणि जखम लगेच न शिवता काही दिवस उघडी ठेवावी लागते. ते ठिपके दुखत नव्हते. तरी मी पेन्सिलने प्रत्येकाभोवती गोल काढला, सॉकेटचा दाब तिथे येऊ नये म्हणून.

तिचा अपघात मोहाच्या दिवसांतला. मोहाची फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायला जायचं. आधी झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून घ्यायचा, म्हणजे फुलं नीट दिसतात. ती त्या वाटेवरच होती, झाडापर्यंत पोचलीही नव्हती. आपल्याकडे सुरुंग म्हटलं की लोकांना 1 मे 2019 चं गडचिरोलीतलं जांभुळखेडा आठवतं, जिथे नक्षलवाद्यांनी पोलिसांची गाडी उडवली आणि 15 पोलीस आणि गाडीचा चालक गेला. तो गाडीसाठी पेरलेला होता. जंगलातल्या पायवाटेवर जे प्रेशर आयईडी, म्हणजे दाब पडताच फुटणारे हातबनावटीचे बॉम्ब, पुरतात त्यांना माणसाच्या पायाचा भार पुरतो. तो पाय जवानाचा की फुलं वेचणाऱ्या बाईचा, हे त्याला कळत नाही. सैन्य सीमेवर सुरुंग पेरतं तेव्हा निदान नकाशा असतो, तारेचं कुंपण असतं. इथे नकाशा फक्त पुरणाऱ्याच्या डोक्यात, आणि तो माणूस उद्या कुठे असेल सांगता येत नाही. धातू कमी असेल तर डिटेक्टरही गप्प बसतो. 1997 च्या ओटावा कराराने माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घातली, 160 हून जास्त देश त्यात आहेत. भारत नाही. पण ज्यांनी हे पुरलं त्यांनी कुठला करार वाचला असता?

मी जयपूर फूट हे कृत्रिम पाऊल लावायचं ठरवलं. 1968 साली रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. पी. के. सेठींनी ते तयार केलं, ते आपल्या अनवाणी, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठीच. रबराचं असल्यामुळे ते चिखलात चालतं, झाडावरही चढता येतं. अफगाणिस्तानात सुरुंगाने पाय गेलेल्या कितीतरी लोकांना ते मिळालं.

पीओपीचा साचा घेतला, त्यातून ओतलेल्या स्टंपच्या प्रतिकृतीवर नडगीच्या कडेला आणि ठिपक्यांच्या जागी भर दिली, गुडघ्याच्या वाटीखाली खोलगट केलं. तिसऱ्या दिवशी सॉकेट चढलं. बारमध्ये ती दहा मिनिटांत हात सोडून उभी राहिली. मी खुशीत तिला मागच्या दाराशी आणलं.

उंबऱ्यावर ती थांबली. पट्टीवर बदामाची लाल पानं एकावर एक पडलेली. “ठेव पाऊल, मी धरलंय,” मी म्हटलं. ती काहीतरी बोलली. भाऊ लगेच सांगेना. मी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, “मॅडम, ती विचारतेय, इथून आधी कोण चालून गेलंय?”

मी पट्टीवर गेले, टोकापर्यंत चालले, परत आले. भाऊही चालून आला. ती आमच्या पावलांकडे नुसती बघत राहिली. पानांवर ठसा कुठे उमटणार? मग तिने कोपऱ्यात टेकवलेल्या खराट्याकडे बोट दाखवलं.

दाराच्या चौकटीला खांदा टेकून तिने झाडायला सुरुवात केली. पुढची हातभर जागा साफ करायची, वाकून माती न्याहाळायची, मग चांगला पाय टाकायचा. आणि चांगला पाय उचलताना सगळा भार नव्या पायावर. बारमध्ये मी ओरडून ओरडून जे करून घेते, डावा, उजवा, भार टाक, थांब, ते ती न सांगता करत होती. मी धरलेला हात केव्हा सोडला, मलाच कळलं नाही. अर्ध्या तासात पट्टी लख्ख झाली. टोकाला जाऊन ती मातीवर उकिडवी बसली. पाऊल नीट वाकलं. तिच्या पाठीवर घाम होता आणि ती थरथरत होती.

पुढचे पाच दिवस रोज आधी खराटा, मग चालणं. “पानं राहू दे” असं मी एकदाही म्हटलं नाही. परत गेल्यावर तिला ही सावधगिरी लागणारच आहे. आमच्या केस पेपरवर वय, उंची, वजन, व्यवसाय असे रकाने असतात. तिच्यानंतर मी हाताने एक वाढवला आहे: कुठल्या जमिनीवर चालणार?

चैत्रात भावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मोहाखाली ती बसलेली, टोपली अर्धी भरलेली, भोवतीची जमीन स्वच्छ झाडलेली. मी फोटो मोठा करून पाऊल पाहिलं. टाचेचं रबर बाहेरच्या कडेला जास्त झिजलंय. म्हणजे स्टंप आणखी आटलाय, भार तिरका पडतोय. लगेच भावाला फोन लावला. पाऊस लागला की तिकडचे नाले भरतात, मग निघता येत नाही. त्याआधी तिला घेऊन ये म्हटलं. तो म्हणाला, “तेंदूची पानं झाली की आणतो, मॅडम.” मी जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख लिहून ठेवली आहे.