सातव्या होलपाशी जरा थांबा

फ्लोरिडा म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते डिस्ने आणि मायामीचा किनारा. राजधानी टॅलाहसी मात्र या सगळ्यापासून फार लांब, राज्याच्या पार उत्तरेला आहे. तांबड्या मातीच्या टेकड्या, ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉस या वनस्पतीच्या करड्या जटा, आणि अर्ध्या तासावर जॉर्जियाची हद्द. एके काळी हा सगळा कापसाचा मुलूख होता. १८६०च्या जनगणनेत लिऑन काउंटीत १२,३४३ माणसं मोजली गेली, त्यांतली ९,०८९ गुलाम होती. दर चार माणसांत जवळजवळ तीन. एवढी माणसं इथे राबली आणि इथेच मेली, मग त्यांची थडगी कुठे आहेत? या प्रश्नाचं एक उत्तर गोल्फच्या मैदानावर सापडतं.

पण थेट मैदानावर जाऊ नका. आधी शहराच्या मध्यावरच्या ओल्ड सिटी सिमेटरीत तासभर काढा. ही दफनभूमी १८२९ची, रोज उघडी असते, तिकीट नाही. पूर्वेचा भाग गोऱ्यांचा, पश्चिमेचा काळ्यांचा. पूर्वेला संगमरवर, कोरलेली नावं, लोखंडी कठडे. पश्चिमेला मोकळं गवत जास्त आणि दगड कमी. डोळा तयार करायचा तो या पश्चिम भागात. सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला आला की जा. ऊन तिरपं पडलं की गवतातल्या उथळ, लांबट खळग्यांना सावली येते. प्रौढ माणसाचा खळगा साधारण २ मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असतो, खोली जेमतेम वीतभर. शवपेटीचं लाकूड कुजून झाकण खचलं की वरची माती बसते आणि हा खळगा पडतो. दुपारी बाराला याच जागेवर उभे राहिलात तर सपाट हिरवळीपलीकडे काही दिसणार नाही.

दिशाही बघून ठेवा. ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. म्हणजे खळगे पूर्व-पश्चिम लांब आणि एकमेकांना समांतर असतात. झाड उन्मळून पडल्याने झालेला खड्डा गोल असतो आणि त्याच्या एका बाजूला मातीचा ढीग राहतो. एकटा खळगा काही सिद्ध करत नाही. एका दिशेचे पाच-सहा शेजारी-शेजारी दिसले तर मात्र थांबायचं.

आता मैदान. कॅपिटल सिटी कंट्री क्लब हा राजधानीच्या उंच विधानभवनापासून मोटारीने काही मिनिटांच्या अंतरावर आहे. ही जमीन पूर्वी एडवर्ड हूस्टन नावाच्या मळेवाल्याची. पुढे मळा मोडला, शहर वाढलं, तिथे गोल्फ आलं आणि मैदान शहराच्या मालकीचं झालं. नोव्हेंबर १९५५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अटलांटाच्या खटल्यात सांगितलं की सार्वजनिक गोल्फ मैदानावर काळ्यांना मज्जाव करता येणार नाही. १९५६ साली टॅलाहसी शहराने हे मैदान एका खासगी क्लबला, म्हणजे त्या निकालाच्या कक्षेबाहेर, वर्षाला १ डॉलर भाड्याने देऊन टाकलं. त्याच वर्षी या शहरात बसमधल्या भेदभावाविरुद्ध काळ्या नागरिकांचा बस बहिष्कार चालू होता. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की १ डॉलरचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्यांना वर खेळायची बंदी, त्यांचेच पूर्वज खाली पुरलेले.

जुन्या लोकांच्या बोलण्यात इथल्या थडग्यांचा उल्लेख येत असे. २०१९मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पुरातत्त्वज्ञांनी सातव्या होलच्या (मैदानाच्या अठरा भागांतल्या सातव्या भागाच्या) आसपास तपासणी केली. त्यांचं आग्नेय विभागाचं केंद्र टॅलाहसीतच आहे. भूभेदी रडार (जमिनीत लहरी सोडून आतलं टिपणारं यंत्र) आणि प्रशिक्षित कुत्री, अशी दोन साधनं वापरून सुमारे ४० थडगी नोंदवली गेली. एकावरही दगड नव्हता. बहुधा कधी लाकडी पाट्या असतील, आणि या दमट हवेत लाकूड किती वर्षं टिकणार?

रडारबद्दल लोकांची एक गैरसमजूत पक्की असते, की पडद्यावर सांगाडा दिसतो. तसं काही नसतं. हाडं रडारला जवळजवळ दिसतच नाहीत. दिसतो तो मातीतला बिघाड. न खणलेल्या जमिनीत थर एकावर एक असतात. थडगं खणताना ते कापले जातात आणि भरताना सगळी माती कालवली जाते. रडार ही कापलेली कड आणि आतली कालवलेली माती ओळखतं, शवपेटी टिकून असली तर तिची पोकळीही.

यंत्र दिसायला बाळाच्या ढकलगाडीसारखं असतं. खाली अँटेना, बाजूला अंतर मोजणारं चाक, वर पडदा. थडग्यांसाठी बहुतेक ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासची अँटेना वापरतात. रेताड मातीत ती दोन-अडीच मीटरपर्यंत बघते. गाडी समांतर पट्ट्यांत उत्तर-दक्षिण चालवायची, म्हणजे थडग्याला आडवी. पट्ट्यांमधलं अंतर ५० सेंटिमीटर ठेवलं तर २ मीटरचं थडगं तीन-चार पट्ट्यांत सापडतं आणि खात्री करता येते. पण तान्ह्या मुलाचं थडगं मीटरभराचंही नसतं, ते एक-दोन पट्ट्यांत येऊन निसटतं. गुलामांच्या दफनभूमीत लहान मुलं खूप असतात. म्हणून अंतर २५ सेंटिमीटर ठेवायचं. काम दुप्पट होतं, खर्च वाढतो, आणि इथेच बहुतेक ठिकाणी हात आखडतो. 'थडगी इतकीच सापडली' असं कुठे वाचलंत तर आधी पट्ट्यांचं अंतर विचारा.

गोल्फच्या मैदानावर या कामाचे हाल वेगळेच. पहिली अडचण पाण्याची. रात्रभर फवारे चालू राहिले तर टॅलाहसीच्या तांबड्या चिकणमातीत रडारची लहर शोषली जाते आणि मीटरभरातच संपते. खतांतल्या क्षारांनी त्यात भर पडते. म्हणून मैदानाच्या देखभालप्रमुखाला सांगून दोन-तीन दिवस आधी फवारे बंद ठेवायला लावायचे, आणि पाऊस झाला असेल तर सरळ तारीख पुढे ढकलायची. दुसरी अडचण पाइपांची. पाइप रडारवर थडग्यासारखीच कमान उमटवतो. पण थडगं दोन मीटरांत संपतं आणि पाइप पट्टीमागून पट्टी सरळ पुढे जात राहतो. लोखंडी असेल तर खाली प्रतिध्वनींची शिडीच दिसते. तिसरी अडचण मुळांची. ती वाकडीतिकडी, फाटे फुटलेली असतात आणि ओकाच्या बुंध्यापाशी फार गोंधळ घालतात. नेमकं दफनभूमीवरची झाडं कुणी तोडलेली नसतात, त्यामुळे मोठा ओक आणि थडगी एकाच जागी भेटतात.

कुत्र्यांचं तंत्र निराळं. जमिनीतून अजूनही झिरपणारा मानवी अवशेषांचा गंध ती हुंगतात, दीडशे वर्षांनंतरसुद्धा. पण गंध उतारावरून खाली सरकतो, मुळांवाटे वर येतो, वाऱ्याने हलतो. कुत्रं बसलं तीच जागा थडग्याची, असं धरून चालू नये. कुत्र्याने भाग दाखवायचा, रडारने जागा. दोन्ही जुळलं तर चांगलं. शंभर टक्के खात्री हवी असेल तर वरची माती हलक्या हाताने खरवडून थडग्याच्या तोंडाचा वेगळ्या रंगाचा आयत उघडा करायचा आणि तिथेच थांबायचं. शवापर्यंत जायची गरज नसते.

या सगळ्यात एक गोष्ट लोकांना रुचत नाही, पण सांगतो. हरवलेल्या दफनभूमीच्या नशिबी जे जे येऊ शकतं, त्यात गोल्फचं मैदान बरंच बरं. घरांचा पाया, रस्ता, मॉल, वाहनतळ यांखाली गेलेलं थडगं बहुधा उद्ध्वस्तच होतं. गोल्फमध्ये जमीन फार खोल खणत नाहीत. गवताला हवा मिळावी म्हणून पाडतात ती भोकं आठ-दहा सेंटिमीटरची, खोल पाडली तरी ३० सेंटिमीटरच्या आतबाहेर. थडगी साधारण सव्वा-दीड मीटर खाली असतात. खरा धोका तीन ठिकाणी. एक, पाण्याचे मुख्य पाइप, ज्यांचे चर अर्धा मीटर किंवा अधिक खोल जातात. दोन, नवं ग्रीन, म्हणजे होलच्या शेवटच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. त्यासाठी ३० सेंटिमीटर वाळू आणि खाली १० सेंटिमीटर खडी घालतात, निचऱ्याचे चर त्याहून खाली. तीन, आणि सगळ्यात वाईट, टेकाड कापून सखल भाग भरणं. दफनभूमी बहुधा नांगराला नकोशा टेकाडावरच असायची. मीटरभर टेकाड कापलं की थडग्याचं छप्परच गेलं.

शिवाय चांगली देखभालही पुरावा पुसते. खळग्यात चेंडू अडकला की खेळाडू कुरकुरतात, मग माळी वाळूमाती टाकून तो बुजवतो. दरवर्षी थोडी थोडी. वीस वर्षांत जमीन गालिच्यासारखी सपाट. टॅलाहसीत खळगे दिसत राहिले याचं श्रेय थोडं देखभालीतल्या ढिलाईलाही द्यायला हवं!

क्लब खासगी आहे, तेव्हा आधी फोन करून परवानगी घ्या आणि खेळ चालू असताना फेअरवे (चेंडू मारत नेण्याची कापलेल्या गवताची पट्टी) ओलांडू नका. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. बर्म्युडा गवत थंडीत तपकिरी पडतं आणि उंचसखलपणा चांगला कळतो. उन्हाळ्यात तांबड्या आगमुंग्यांची वारुळं असतात, चपला घालून जाऊ नका. २० मेच्या सुमारास आलात तर शहरातल्या नॉट हाऊसपाशीही जा. १८६५ साली त्याच तारखेला इथल्या गुलामांना ते मुक्त झाल्याचं जाहीरपणे वाचून दाखवलं गेलं.

तुम्ही स्वतः खेळत असाल तर एक नियम माहीत असू द्या. मैदानाची समिती अशा जागेला खेळबंद क्षेत्र ठरवून खुंट्या किंवा रेषांनी आखू शकते. चेंडू आत गेला तर तिथून मारायचाच नाही. दंड न लागता चेंडू बाहेर टाकून खेळता येतं, भोकाच्या जवळ न जाता. नियमांत सोय आहे. समितीने ती वापरायला हवी, एवढंच.

टॅलाहसीहून पूर्वेला जॅक्सनव्हिल, तिथून उत्तरेला वळून साउथ कॅरोलायनातलं हिल्टन हेड बेट. पाच-सव्वापाच तासांचा रस्ता. इथे थडगी लपलेली नाहीत, उलट डोळ्यांसमोर आहेत. हे बेट गल्ला लोकांचं. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज, त्यांची स्वतःची बोली आहे. १९५६ साली (पुन्हा तेच वर्ष) बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला आणि पाठोपाठ फाटकबंद वसाहती आल्या. सी पाइन्स ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध, आणि तिच्यातलं हार्बर टाउन हे गोल्फचं मैदान १९६९चं. मैदानं आखणाऱ्या पीट डायने ते गोल्फपटू जॅक निकलॉसच्या मदतीने आखलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दीपगृहाकडे जाणारा अठरावा होल टीव्हीवर पाहिला असेल. त्याच्याच जवळ, बंगल्यांच्या मधोमध, ब्रॅडॉक्स पॉइंट ही गल्ला दफनभूमी आहे.

पाण्याजवळ दफन करायची त्यांची रीत. आत्मा पाण्यावरून आफ्रिकेला परत जातो ही श्रद्धा. थडग्यावर मृताने शेवटी वापरलेल्या वस्तू ठेवत: कप, बशी, औषधाची बाटली, घड्याळ. त्या मुद्दाम फोडलेल्या असत. पांढरे शिंपलेही असत. म्हणून जुन्या दफनभूमीच्या आसपास फुटक्या बशीचा तुकडा दिसला तर कचरा समजून उचलू नका. सफाई कामगारांनी अशा कित्येक खुणा आजवर ठिकठिकाणी 'स्वच्छ' केल्या आहेत. शोधणाऱ्याला रडारइतकाच उपयोग त्या बशीच्या तुकड्याचा असतो.

सी पाइन्सच्या फाटकावर बाहेरच्या मोटारींना प्रवेशशुल्क पडतं. एप्रिलमधल्या गोल्फ स्पर्धेच्या आठवड्यात तर जाऊच नका. आपल्या आजीच्या थडग्यावर फुलं ठेवायला फाटकावर नाव सांगावं लागतं, ही गल्ला कुटुंबांची जुनी तक्रार आहे. फ्लोरिडातही कायदा वंशजांना खासगी जमिनीतून थडग्यापर्यंत जायचा हक्क देतो. कागदावरचा हक्क आणि पहारेकऱ्याची खोली यांच्यामधलं अंतर मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं.

गोल्फ आणि थडगी ही जोडी अमेरिकेचीच नाही. दिल्ली गोल्फ क्लबच्या आवारात लाल बंगला म्हणून ओळखली जाणारी तांबड्या दगडाची मकबऱ्यांची जोडी आहे. परंपरा सांगते की तिथे शाह आलम दुसरा याची आई लाल कुंवर पुरलेली आहे. हा तोच शाह आलम, ज्याला १७७२मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवलं. तिथे घुमट आहेत आणि पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे. चेंडू घुमटाकडे गेला की खेळाडूलाही कळतं की आपण कुठे आहोत. टॅलाहसीच्या सातव्या होलपाशी हे कळायला तिरपं ऊन लागतं, आणि आदल्या रात्री फवारे बंद असावे लागतात.